आजाऱ्याचा भार कोणी वाहावा? सरकारी आरोग्यसेवा, परंपरावादी आक्षेप आणि ख्रिस्तसभेची शिकवण

सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड काढावे की काढू नये, हा प्रश्न वरवर पाहता शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांच्या छायाप्रतींपुरताच आहे. तरीही त्यावरून आपल्या कुटुंबांत आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात किती तीव्र मतभेद होतात, हे पनवेल परिसरातील धर्मग्रामांत वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. एखाद्याला अमुक पक्ष मान्य नसतो, म्हणून त्या पक्षाच्या नेत्याचे छायाचित्र असलेले कार्डही त्याला नकोसे वाटते. दुसऱ्याला वाटते की, सरकारकडून फुकट घेणे कष्टाने घर चालविणाऱ्या माणसाला शोभत नाही. तिसऱ्याचे बंधू अमेरिकेत स्थायिक आहेत आणि ते दूरध्वनीवरून बजावतात की, दवाखान्यात सरकार शिरले की धर्मस्वातंत्र्य बाहेर पडते. चौथा म्हणतो, हे सारे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान. ज्याच्या घरी डायलिसिसवरचा रुग्ण आहे, त्याला जाऊन विचारा.

या चौघांपैकी कोणालाही आम्ही अज्ञानी वा निर्दय समजत नाही. आजाऱ्याची सेवा व्हावी की होऊ नये, हा त्यांच्यातील वाद नव्हेच. सेवेचे ओझे कोणी आणि किती उचलावे, एवढाच तो वाद आहे. या प्रश्नावर ख्रिस्तसभेने शतकाहून अधिक काळ विचार केलेला आहे आणि तो विचार कोणत्याही एका पक्षाच्या जाहीरनाम्यात नेमका बसत नाही. म्हणून प्रथम परंपरावादी आक्षेप त्यांच्या पूर्ण बळानिशी समजून घेऊ.

मराठीत ‘परंपरावादी’ म्हटले की सोवळेओवळे पाळणारे कोणी डोळ्यांपुढे येते. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. राज्यसंस्थेच्या हाती कमीत कमी कामे असावीत. कुटुंब, शेजार, धर्मसंस्था, पतपेढ्या, कामगारांची मंडळे यांनी आपापला भार आपण वाहावा. कर थोडे असावेत आणि माणसाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे मानणारा हा विचार आहे. पाश्चात्त्य देशांत त्यालाच उजवा विचार म्हणतात.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप नैतिक आहे. आजारी आईवडिलांची काळजी घेणे हे मुलांचे कर्तव्य, शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणे हे शेजाऱ्याचे. हे काम एकदा सरकारी खात्याकडे गेले की, माणसे हळूहळू त्यातून अंग काढून घेतात. कर भरला, आता पुढचे सरकार पाहील, अशी वृत्ती बळावते. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले आहे आणि अवघ्या तीन ओव्यांनंतर प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहावा, असेही म्हटले आहे. परंपरावादी मंडळी दुसऱ्या ओवीवर बोट ठेवतात, त्यांचे विरोधक पहिल्या. दोन्ही ओव्या एकाच लेखणीतून आल्या आहेत, ही गोष्ट मात्र दोन्ही पक्ष सोयीस्करपणे विसरतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. स्वतःचा पैसा माणूस जपून खर्च करतो. दुसऱ्याचा पैसा तिसऱ्यासाठी खर्च करणारा अधिकारी तेवढा जपत नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात असे आढळले की, आयुष्मान भारत योजनेच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते. लाभार्थीची ओळख मोबाइलवरून ठरत नाही, ती आधार व इतर पुराव्यांवरून ठरते, असा खुलासा सरकारने केला. खुलासा अगदीच पोकळ नाही. पण ज्या कारखान्याच्या हजेरीपुस्तकात अशा नोंदी असतील, त्याचा मालक स्वस्थ झोपेल काय, हा परंपरावाद्यांचा प्रश्नही उरतोच.

तिसरा आक्षेप दुसऱ्यातूनच निघतो. सरकार मते मिळविण्यासाठी थैलीपेक्षा मोठी आश्वासने देते आणि मग देणी थकवते. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील इंडियन मेडिकल असोसिएशनने थकीत देयकांच्या कारणावरून आयुष्मान योजनेखालील उपचार थांबविण्याची घोषणा केली. ज्या छोट्या रुग्णालयाला महिन्याच्या एक तारखेला परिचारिकांचे वेतन द्यावयाचे आहे, त्याला सहा महिन्यांनी येणारा पैसा कितीसा उपयोगी? ठरवून दिलेले दर कमी, तेही उशिरा. अशा वेळी मोठी व्यापारी रुग्णालये तग धरतात आणि मिशनची, धर्मादाय, लहान रुग्णालये प्रथम खचतात. हा आक्षेप आपल्या धर्मभगिनींच्या संस्थांना सर्वाधिक जवळचा आहे.

चौथा आक्षेप सदसद्विवेकबुद्धीचा. जो पैसे देतो, तो अटी घालतो. गर्भपात, संततिनियमनाची साधने, दयामरण या बाबतींत राज्याचा कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांत अंतर आहे. उद्या सरकारी पैशाबरोबर सरकारी आज्ञाही आली, तर कॅथलिक रुग्णालयाने काय करावे? दूरध्वनीवरून बजावणाऱ्या त्या अमेरिकास्थित बंधूंच्या मनात हीच भीती आहे, आणि ती समजून घेण्यासाठी आपल्याला काही क्षण त्यांच्या देशात जावे लागेल.

अमेरिकेत काय घडले?

अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी सरकारी मदतीला कधीच सरसकट विरोध केलेला नाही. १९१९ साली त्यांनी समाजाच्या पुनर्रचनेविषयी जो कार्यक्रम जाहीर केला, त्यात आजारपण, बेकारी आणि वार्धक्य यांसाठी सामाजिक विम्याची मागणी होती; त्या काळी ती अनेकांना समाजवादी वाटली. १९९३ मध्येही त्यांनी सर्वांना परवडेल अशा आरोग्यव्यवस्थेची मागणी केली. असे असताना २०१० साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचा आरोग्यविषयक कायदा आला, तेव्हा बिशपांच्या परिषदेने त्याला विरोध केला. गर्भपातासाठी सार्वजनिक पैसा वापरला जाईल, सदसद्विवेकाला पुरेसे संरक्षण नाही आणि कागदपत्रे नसलेले स्थलांतरित वगळले गेले, ही त्यांची कारणे होती. यांतील शेवटचे कारण परंपरावादी मुळीच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुसरीकडे, कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेने सिस्टर कॅरोल कीहान यांच्या नेतृत्वाखाली त्याच कायद्याला पाठिंबा दिला. रोज रुग्णालयाच्या दाराशी विमा नसलेले रुग्ण पाहणाऱ्या धर्मभगिनी एका बाजूस आणि त्यांचे मेंढपाळ दुसऱ्या बाजूस, असे चित्र जगाने पाहिले. प्रतिनिधिगृहात हा कायदा २१९ विरुद्ध २१२ अशा मतांनी संमत झाला. रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्याच्या बाजूने पडले नाही.

भीती अनाठायी होती, असेही म्हणता येत नाही. पुढे या कायद्याच्या आधारे काढलेल्या नियमाने मालकांना कर्मचाऱ्यांच्या विम्यात संततिनियमनाच्या साधनांचा समावेश करणे भाग पाडले. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संघाच्या भगिनी वृद्ध निर्धनांची सेवा करतात. मुंबईत अंधेरी येथेही त्यांचा वृद्धाश्रम आहे. अमेरिकेतील त्यांच्या भगिनींना या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठविले आणि जुलै २०२० मध्ये धर्मसंस्थांना दिलेली सूट सात विरुद्ध दोन अशा बहुमताने वैध ठरविली. म्हणजे चौथ्या आक्षेपात तथ्य होते.

परंतु सरकारी पैसा आला की ख्रिस्ती सेवा संपलीच, हेही इतिहासाला धरून नाही. कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सरकारी आरोग्यविमा सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. आज त्या देशातील कॅथलिक रुग्णालये सरकारी निधीवरच चालतात आणि तरीही कॅथलिक आहेत. ब्रिटनमध्ये १९४६ साली हुजूर पक्षाने राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या विधेयकाविरुद्ध मतदान केले होते; जुलै १९४८ मध्ये ही सेवा सुरू झाल्यावर त्याच पक्षाच्या एकाही सरकारने ती मोडीत काढली नाही. तेथे परंपरावादी मनुष्यही तिला आता राष्ट्राची परंपरा समजतो!

आपल्याकडे रेघ वेगळ्या ठिकाणी आहे

अमेरिकेतील हा वाद जसाच्या तसा पनवेलला आणून लावणे चुकीचे ठरेल, कारण भारतात डाव्या-उजव्यांची रेघ आरोग्याच्या बाबतीत निराळ्याच ठिकाणी ओढली गेली आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे त्याचे सूत्र होते. ते तत्त्व उघडपणे नाकारणारा एकही मोठा पक्ष भारतात उभा राहिला नाही. १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्थापलेल्या स्वतंत्र पक्षाने परवाना राज्यावर कठोर टीका केली; महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने सरकारी अनुदानाची भीक नको, घामाचा दाम हवा, अशी भूमिका घेतली. हे आपल्या मातीतले खरे अर्थाने उजवे, सरकारविषयी साशंक विचार होत. पण त्यांचा रोख शेती आणि उद्योगांवर होता. तालुक्याचा सरकारी दवाखाना बंद करा, अशी मागणी घेऊन मते मागणारा कोणी फारसा झाला नाही.

आणि मग घडले ते असे की, सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारी पैशातून चालणारी देशातील सर्वांत मोठी रुग्णालय-विमा योजना आणली ती उजव्या समजल्या जाणाऱ्या भारतीय जनता पक्षाच्या सरकारने. तिच्यावर टीका केली ती बव्हंशी डाव्या विचारांच्या मंडळींनी. त्यांचे म्हणणे असे की, सरकारने खासगी रुग्णालयांची बिले भरण्याऐवजी स्वतःची रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे सुधारावीत. विम्याने शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, पण रोजची रक्तदाबाची गोळी आणि तपासणी खिशातूनच होते. याही आक्षेपात वजन आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट होणारा खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये रुग्णाचे घरच मोजते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

अमेरिकेतील वादाशी अधिक जुळणारा प्रसंग राजस्थानात घडला. मार्च २०२३ मध्ये तेथील विधानसभेने आरोग्याच्या अधिकाराचा कायदा केला. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार देणे खासगी रुग्णालयांवरही बंधनकारक झाले आणि खासगी डॉक्टर संपावर गेले. बिल कोण आणि केव्हा देणार, हा त्यांचा प्रश्न होता. तडजोड होऊन एप्रिलच्या प्रारंभी संप मिटला.

आपल्या राजकारणात खरा झगडा असतो तो नावाचा. आरोग्य हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय. त्यामुळे केंद्राची योजना आली की श्रेय कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. पश्चिम बंगाल २०१९ च्या जानेवारीत आयुष्मान योजनेतून बाहेर पडले. ओडिशा आणि दिल्ली वर्षानुवर्षे बाहेर राहिली. दोन्ही ठिकाणी सत्ताबदल झाल्यावर २०२५ मध्ये ती सामील झाली. रुग्ण तेच, आजार तेच, रुग्णालयेही तीच. बदलले ते फक्त सरकार.

महाराष्ट्राची कथा याहून सौम्य आहे आणि तिचा आरंभ आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. २ जुलै २०१२ रोजी ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पसरली. काँग्रेसप्रणीत सरकार गेले, भाजप-शिवसेनेचे आले आणि २०१७ मध्ये तिचे नाव ‘महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना’ झाले. एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेशी जोडून चालविण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात, करोनाच्या काळात, महाविकास आघाडी सरकारने ती सर्व नागरिकांना खुली केली. २०२३ च्या जुलैत महायुती सरकारने शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्वांना आणि दीड लाखाऐवजी पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय केला. तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांसाठी सुरू झालेली योजना पांढऱ्या शिधापत्रिकेपर्यंत पोहोचली. चार वेगवेगळ्या सरकारांनी आलटूनपालटून वाढविलेली योजना एका पक्षाची कशी म्हणावी?

पनवेलला तर पक्षबदलाचा अनुभव चांगलाच आहे. दि. बा. पाटील यांना पाच वेळा विधानसभेत पाठविणारा हा तालुका दीर्घकाळ शेतकरी कामगार पक्षाचा गड होता. २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये येथून भारतीय जनता पक्षाचा आमदार निवडून आला. एकाच घरात वडील लाल बावट्याचे आणि मुलगा कमळाचा, हे येथे नवलाचे नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी एकत्र जेवणे सोडलेले नाही. मग आरोग्य कार्डावरून त्यांनी बोलणे का सोडावे, ते आम्हांस कळत नाही.

ख्रिस्तसभा काय शिकविते?

येथे दोन तत्त्वे एकत्र धरावी लागतात. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या ‘क्वाड्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते त्याच्याकडून काढून मोठ्या समूहाकडे देणे हा अन्याय होय; मोठ्याने लहानाला साहाय्य करावे, गिळू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या ‘चेन्तेसिमुस आन्नुस’मध्ये याच आधारावर सर्व काही आपल्या हाती घेणाऱ्या कल्याणकारी राज्यावर टीका केली, त्यामुळे माणसांची शक्ती वाया जाते आणि कार्यालयेच तेवढी वाढतात, असे त्यांनी दाखवून दिले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’मध्ये बजावले की, दुःखी माणसाला ज्या आपुलकीची गरज असते, ती सर्वव्यापी राज्य देऊ शकत नाही. परंपरावादी कॅथलिक या उताऱ्यांचा आधार घेतात आणि तो योग्य आहे.

पण ते येथेच थांबतात. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’मध्ये वैद्यकीय उपचारांची गणना मानवाच्या हक्कांत केली. हक्क म्हटला की तो मिळवून देण्याची अंतिम जबाबदारी कोणावर तरी येते. लहान समूहाचे हात अपुरे पडतात, तेथे मोठ्या समूहाने पुढे होणे हे पूरकतेच्या तत्त्वाचेच दुसरे अंग आहे. २००९ च्या ‘कारितास इन वेरिताते’मध्ये पोप बेनेडिक्ट यांनीच दोन्ही टोकांविषयी सावध केले: बांधिलकीवाचून पूरकता ही ज्याने त्याने आपल्यापुरते पाहण्यात बुडते, आणि पूरकतेवाचून बांधिलकी ही माणसाला लाचार करणाऱ्या मदतीत. आरोग्य ही विकत घेण्याची वस्तू नसून सर्वांचा हक्क आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये आफ्रिकेत सेवा करणाऱ्या इटालियन डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण शोमरोन्याकडेच पाहतो. लूकच्या शुभवर्तमानातील त्याच उताऱ्यात उतारशाळेचा एक मालकही आहे. शोमरोनी जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून नेतो, दोन दिनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असा शब्द देतो. नंतरचे दिवस आणि रात्री मात्र उतारशाळेचा मालक काढतो. प्रेम एकाचे, व्यवस्था दुसऱ्याची आणि दोघांमध्ये हिशेब चोख. त्या मालकाचे दोन दिनार वर्षभर थकले असते तर पुढच्या जखमी माणसाला त्याने दार उघडले असते काय, हा प्रश्न हरियाणातील डॉक्टरांनी विचारला, तेव्हा तो निव्वळ लोभाचा म्हणून झटकून टाकता येत नाही.

आता हे तत्त्व आपल्या तालुक्याला लावून पाहू. माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी, मालडुंगे परिसरात ठाकर आणि कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. तेथील बाळंतिणीची गुंतागुंत झाली, तर तिचे कुटुंब, शेजार आणि गावकी मिळून किती उभारू शकतील? शेजारधर्म तेथे शहराहून अधिक आहे. पण शेजारधर्माने रक्तपेढी उभी राहत नाही. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र, रुग्णवाहिका आणि पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय ही राज्यानेच उभारावयाची साखळी आहे. ती एका दुव्यावर तुटली तर पाच लाखांचे कार्ड घरात खुंटीला टांगलेलेच राहील. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत हेच उपजिल्हा रुग्णालय कोविड रुग्णालय म्हणून उपयोगी पडले, तेव्हा सरकारी रुग्णालये मोडीत काढावीत, असे म्हणणारा कोणी पनवेलमध्ये सापडला नसता.

त्याच तालुक्यात तळोजा औद्योगिक वसाहतीतील कामगाराचे उदाहरण वेगळे आहे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विम्यासाठी त्याच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. हे दान नव्हे, त्याचा स्वतःचा वाटा आहे. ‘फुकट घेणे शोभत नाही’ म्हणणाऱ्या आमच्या स्वाभिमानी मित्रांना ही पद्धत पटावी. आणि कोणी कर देतो, वस्तूंवर जीएसटी भरतो, तर सरकारी योजनेतील उपचार त्याच्यासाठी तरी फुकट कसे?

खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आहे. टाटा न्यासाने मुंबईत १९४१ मध्ये सुरू केलेले रुग्णालय पुढे केंद्र सरकारकडे आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आले. खारघरचे केंद्र हा त्याचाच विस्तार. दानशूर घराण्याने पाया घातला, राज्याने इमारत वाढविली, रुग्णांच्या नातलगांसाठी स्वयंसेवी संस्था राबतात. कोणत्या विचारसरणीच्या खात्यावर हे जमा करावे?

आपल्या ख्रिस्ती संस्थांचेही असेच आहे. डॉक्टर असलेल्या ऑस्ट्रेलियन धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ मध्ये गुंटूर येथे ज्या संघटनेचा आरंभ केला, त्या भारतीय कॅथलिक आरोग्य संघटनेत आज साडेतीन हजारांहून अधिक संस्था आहेत. वसईचे कार्डिनल ग्रेशस स्मारक रुग्णालय, वांद्र्याचे होली फॅमिली ही आपल्या परिचयाची नावे. या संस्था सरकारच्या आधीपासून किंवा सरकारच्या बरोबरीने उभ्या आहेत. सरकारी योजनांमुळे त्या बंद पडाव्यात असे कोणत्याही समंजस राज्यकर्त्याला वाटू नये. योजनांत सहभागी व्हावे किंवा कसे, हा प्रत्येक संस्थेच्या ताळेबंदाचा आणि विवेकाचा निर्णय आहे. त्यांची देणी वेळेवर मिळावीत, दर वास्तव असावेत आणि श्रद्धेविरुद्ध कृती करण्याची सक्ती नसावी, या तीन मागण्या मात्र आपण कोणत्याही पक्षाच्या उमेदवारापुढे निःसंकोच ठेवल्या पाहिजेत. उमेदवार दाराशी येतो तेव्हा आपण गटारे आणि पाण्याची वेळ विचारतो. उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद भरलेले आहे काय, हे किती जण विचारतात?

आणखी एक सोय आपल्या भाविकांना फारशी ठाऊक नसते, म्हणून सांगून ठेवतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरविलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. त्यासाठी ही रुग्णालये आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतात. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला अथवा शिधापत्रिका दाखवून ही सवलत मागता येते. महात्मा फुले योजनेशी संलग्न रुग्णालयात प्रवेशद्वाराजवळ ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. दाखल होण्यापूर्वी, निदान दाखल होताच, त्याच्याकडे नोंद करावी, कारण उपचार झाल्यावर मागे जाऊन मंजुरी मिळविणे फार कठीण जाते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळते. त्यासाठी आधार कार्ड पुरते. चौकशीसाठी राज्याच्या योजनेचा क्रमांक १५५३८८ आणि केंद्राच्या योजनेचा १४५५५ आहे. धर्मग्रामातील ज्या वृद्धांना मोबाइल वापरणे जमत नाही, त्यांची नोंदणी युवक मंडळाने करून द्यावी, अशी आमची विनंती आहे. आणि ती करताना त्यांनी कोणाला मत दिले, ते विचारू नये.